कारखाना कुणाचा?



प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स म्हणत, खऱ्या मर्दाकडे चिपचा स्वतःचा कारखाना असतो. त्याच एएमडीने 2009 साली आपले कारखाने वेगळे काढले आणि अबू धाबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीजच्या हवाली केले. प्रतिस्पर्धी इंटेलपुढे एएमडीने हात टेकले, असाच अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. पुढच्या दहा वर्षांत पारडे फिरले. त्याचे श्रेय नुसत्या हुशार आराखड्यांना देणे मला पटत नाही.

या दोघांचे वैर जुने. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते, म्हणून 1982 साली इंटेलला आपल्या चिप बनवण्याची मुभा एएमडीला द्यावी लागली. 386 या प्रोसेसरच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. मार्च 2000मध्ये प्रोसेसरच्या वेगाचा एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या अवघे दोन दिवस आधी गाठला. तेव्हा दोघांचेही कारखाने स्वतःचे होते.

इंटेलला खरी ठेच लागली ती 10 नॅनोमीटरच्या पिढीत. चिपवरची नक्षी प्रकाशाने उमटवतात. त्या प्रकाशाची तरंगलांबी 193 नॅनोमीटर, आणि तारा बसवायच्या 36 नॅनोमीटरच्या अंतराने. जाड टाकाने बारीक अक्षर काढण्याचाच प्रकार! त्यासाठी एकच थर अनेक फेऱ्यांत घडवावा लागतो आणि फेरीगणिक चुकीला वाव वाढतो. त्यात इंटेलने एका उडीत ट्रान्झिस्टरची दाटी 2.7 पट करायचे ठरवले. वेफरमागे, म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीमागे, निर्दोष चिप पुरेशा निघेनात. काही वर्षे आधी यायचे तंत्र मोठ्या प्रमाणावर यायला 2019 उजाडले.

तैवानच्या टीएसएमसीकडेही 2018मध्ये 193चाच प्रकाश होता, पण तिने लहान पावले टाकली. मॉरिस चँग यांनी 1987 साली ही कंपनी काढली ती केवळ इतरांच्या चिप बनवून देण्यासाठी. ॲपलसारख्या गिऱ्हाइकांच्या मागणीमुळे तिचे काम अखंड चालू राहिले, आणि या धंद्यात हात बसतो तो वेफरमागून वेफर काढल्यानेच.

2018 साली ग्लोबलफाउंड्रीजने 7 नॅनोमीटरचा नाद सोडला. एएमडीने या पिढीसाठी टीएसएमसीची वाट धरली. 2019च्या तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये गणिते करणारे छोटे तुकडे टीएसएमसीच्या 7 नॅनोमीटरवर बनले, बाहेरच्या जगाशी जोडणारा तुकडा ग्लोबलफाउंड्रीजच्या जुन्या 12 नॅनोमीटरवर. तुकडा लहान असला की एका दोषापायी वाया जाणारे सिलिकॉन कमी. ज्याचे काम ज्याला परवडते त्याच्याकडून करून घ्यायची ही मोकळीक एएमडीला कारखाने सोडल्यामुळे मिळाली, आणि तिथेच डाव पलटला असे मी मानतो.

2024 साली तर खुद्द इंटेलने आपल्या ‘लुनार लेक’ प्रोसेसरचा मुख्य तुकडा टीएसएमसीकडून बनवून घेतला. म्हणजे दुकानात दोन नावे, पण कारखाना एकच. मला याची मनापासून काळजी वाटते. म्हणून ॲरिझोनात ‘18ए’ तंत्राने स्वतःचे प्रोसेसर पुन्हा स्वतः बनवण्याचा इंटेलचा जो प्रयत्न चालला आहे, तो यशस्वी व्हावा असे एएमडीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांनाही वाटायला हवे.