घाईच्या वेळचें काम

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



धर्मग्रामाचा महोत्सव म्हटला कीं मंडप, वाद्यें, पाहुण्यांची व्यवस्था, जेवण आणि ही स्मरणिका, सर्व कांहीं एकाच दिवशीं तयार व्हावें लागतें. शेवटच्या आठवड्यांत जो तो धांवत असतो. परंतु ही धांवपळ केवळ महोत्सवाचीच नव्हे. या शहरांत गोदी, लोहमार्ग, कचेरी अथवा रुग्णालय यांत काम करणाऱ्या प्रत्येकास ती रोजचीच आहे. काम चांगलें हवें, वेळेवर हवें, आणि वेळ तर थोडा. अशा प्रसंगीं काम कां साधतें व कां बिघडतें, याविषयीं आज आम्ही दोन शब्द सांगूं इच्छितों.

नुसत्या उपदेशापेक्षां उदाहरण बरें, आणि तें आपल्या जवळचेंच आहे. वडाळा व गोदी यांचा संबंध जुना आहे. १९१५ सालीं सुरू झालेला बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा लोहमार्ग बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत येत असे, आणि येथील पुष्कळ घरांनीं गोदीची भाकरी खाल्लेली आहे. त्याच गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं जें घडलें, तें आमच्या विषयास फार लागू पडतें.

‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज १२ एप्रिल रोजीं मुंबईस आलें व व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीस चढविलेले कापसाचे हजारों गठ्ठेही होते. कापूस व दारू एकाच ठिकाणीं! धोक्याचा माल असलेल्या जहाजावर तांबडा बावटा लावण्याची रीत, पण तो या जहाजावर नव्हता. तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत दारूगोळा जहाजांतच राहिला. दोन वाजण्याच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणांत आग लागल्याचें कळलें. बंब आले. नऊशें टनांहून अधिक पाणी आंत सोडण्यांत आलें, परंतु दाट धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना, आणि तें पाणीही उकळूं लागलें.

जहाज जागच्या जागीं बुडवावें कीं ओढून समुद्रांत न्यावें, याचा खल चालला. अधिकारी अनेक होते, सर्वांनीं मानावा असा हुकूम मात्र एकाचाही निघाला नाहीं. तीन वाजून पन्नास मिनिटांनीं जहाज सोडून जाण्याची आज्ञा झाली, आणि अवघ्या सोळा मिनिटांनीं, चार वाजून सहा मिनिटांनीं, पहिला स्फोट झाला. बारा किलोमीटरांपलीकडच्या खिडक्यांच्या कांचा फुटल्या, म्हणजे वडाळा त्या टप्प्याच्या आंतच आला. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा स्फोट झाला. सरकारी मोजणीप्रमाणेंच सातशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांचें स्मारक भायखळ्यास आहे, आणि १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर पाळला जातो.

आतां यांतून आपण काय घ्यावें?

पहिली गोष्ट ही कीं, घाईची वेळ येण्यापूर्वींच बरेंचसें काम साधलेलें किंवा बिघडलेलें असतें. ते दोन तास फार थोडे होते हें खरें, परंतु त्यांच्यापूर्वींचे दोन दिवस थोडे नव्हते. निवांत वेळीं जें पुढें ढकललें जातें, तेंच कठीण वेळीं दारांत येऊन उभें राहतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळणारा मुलगा व लग्नाच्या आदल्या दिवशीं सामान आणावयास निघालेला बाप, दोघांचेंही दुखणें हेंच.

दुसरी गोष्ट, धोका उघड सांगावा. बावटा असता तर शेजारच्या जहाजांना व धक्क्यावरील मजुरांना दुरूनच समजलें असतें. आमच्या कामांतही असेंच घडतें. हातचें काम वेळेवर होणार नाहीं हें ठाऊक असून ‘होईल, होईल’ म्हणत राहणें, ही भीड नव्हे, दुसऱ्याची फसवणूक आहे. चार दिवस आधीं सांगितलें तर दुसरे हात मदतीस येतात. शेवटच्या घटकेस सांगितलें तर केवळ शोक उरतो.

तिसरी गोष्ट, शेवटचा शब्द कोणाचा हें आधींच ठरलेलें असावें. सल्ला दहांचा घ्यावा, पण आज्ञा एकाची असावी. मग ती थोडी चुकीची निघाली तरी चालेल. आज्ञाच न होणें हें त्याहून वाईट.

कोणी म्हणेल, ‘माझ्या मानेवर ओझें पडल्याशिवाय माझें काम चांगलें होत नाहीं.’ आम्हांस तें पटत नाहीं. ओझें माणसास नवें कांहीं शिकवीत नाहीं, शिकलेलें तेवढें बाहेर काढतें. ते जवान धुरांत नळी धरून उभे राहिले, तें त्या दुपारीं शिकून नव्हे. रोजच्या कवाइतीनें त्यांचे हात तयार झाले होते. त्यांच्या धैर्यांत उणें कांहींच नव्हतें. त्यांच्याभोंवतीं व्यवस्था उणी होती, आणि धैर्यवान् माणसांनीं अव्यवस्थेची किंमत प्राणांनीं भरावी, याहून मोठा अन्याय कोणता?

व्यवस्था असली म्हणजे काय होतें, हेंही याच शहरानें दाखविलें आहे. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले. पुढें आठ हजार माणसांनीं सात महिने खपून सुमारें पांच लाख टन ढिगारा उपसला व गोदी पुन्हां चालूं केली. युद्ध चाललेलें, जहाजें खोळंबलेलीं, तरीही काम वांटून, क्रमाक्रमानें झालें.

दुसरें उदाहरण आपल्या डबेवाल्यांचें. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं घालून दिलेली ही रीत. मावळ, जुन्नर, खेड या भागांतील हे लोक. जेवणाची वेळ कोणासाठीं थांबत नाहीं. पण त्यांचें काम पाहा: डब्यावर खूण, प्रत्येकाकडे ठराविक टप्पा, स्टेशनावर वांटणी, आणि टोळींत एकदोन माणसें जादा, म्हणजे कोणी आजारी पडला तरी डबा अडत नाहीं. ते चपळ आहेत खरे, परंतु डबा वेळेवर पोंचतो तो चपळाईनें कमी आणि आधीं ठरलेल्या शिस्तीनें अधिक.

ती जादा माणसें आम्हांस फार महत्त्वाचीं वाटतात. आपण आपला दिवस कांठोकांठ भरतों, एक घटकाही मोकळी ठेवीत नाहीं, आणि मग एखादें मूल तापलें कीं सगळा दिवस कोसळतो. ज्याच्या हाताखालीं चार माणसें आहेत, त्यानें तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. त्यांची झोंप व त्यांचें जेवण कापून वाचविलेला वेळ खरा वाचलेला नसतो. थकलेल्या हाताची चूक तो व्याजासह परत घेते.

तेव्हां बंधुभगिनींनो, उद्यांपासून एवढेंच करावें. जें काम महिन्याच्या शेवटीं द्यावयाचें, त्यांतील सर्वांत कठीण भाग पहिल्या आठवड्यांत हातीं घ्यावा. अडचण दिसतांच संबंधितास सांगावी. कोणाचा शब्द मानावयाचा तें आधीं ठरवावें, आणि थोडी जागा मोकळी ठेवावी. एवढें केल्यावरही कठीण वेळ येईलच. पण ती आपणांस गोंधळलेले न पाहतां कामावर उभे असलेले पाहील. देव आपणां सर्वांच्या हातांस यश देवो.