मोबाइलचं कव्हर निवडताना



मोबाइलच्या कव्हरवर भाषण म्हटल्यावर काहींना हसू येईल. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो जागेच्या खुणेसह पाठवायचा. ऐन मुदतीत फोन दगडावर आपटून कॅमेरा गेला, तर गावातल्या सहायकाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनची वाट बघावी लागते. नोंद राहिली, तर पुढं नुकसानभरपाईच्या वेळी धावाधाव ठरलेली!

दुकानात गेलात की ‘मिलिटरी ग्रेड’ असं छापलेलं कव्हर पुढं येतं. हा शब्द आला अमेरिकी लष्कराच्या ‘मिल-एसटीडी-८१०’ या मानकावरून. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू सुमारे १२२ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण चार फुटांवरून, २६ वेळा पाडतात: सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे. पण हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा असते, आणि पडायचं असतं काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. आपल्या पारनेरच्या माळावर प्लायवुड कोण अंथरणार? शिवाय लष्कर काही कव्हरवर शिक्का मारून देत नाही. चाचणी कंपनीच करते किंवा करवून घेते. तेव्हा छापील शब्दाला फार भुलू नका.

त्यापेक्षा कव्हर हातात घेऊन बघा. फोन बहुधा कोपऱ्यावर पडतो. सगळा मार तेवढ्याशा जागेवर बसतो, म्हणून कोपरे जाड आणि दाबल्यावर किंचित दबणारे हवेत. आतून मऊ, बाहेरून टणक असं दुपदरी कव्हर बरं. नुसतं टणक प्लास्टिक धक्का जिरवत नाही, तसाच आत पोचवतं. मग कव्हर घातलेला फोन काउंटरवर पालथा ठेवा आणि काचेखालून पोस्टकार्ड सरकवून बघा. सरकलं, तर कड पुरेशी उंच आहे. कॅमेऱ्याभोवतीही तशीच कड हवी.

पाण्याचं गणित वेगळं. ‘आयपी ६८’मधला सहाचा आकडा धुळीचा आणि आठचा पाण्याचा, तो फोनचा गुण असतो, उघड्या कव्हरचा नव्हे. चाचणीही स्वच्छ पाण्यात होते, फवारणीच्या औषधात नाही. अकोल्यात घाटघर-रतनवाडीकडच्या पावसात जाड कव्हरपेक्षा तोंड बंद होणारी प्लास्टिकची पिशवी जास्त कामाची.

पाथर्डी, कर्जत, जामखेडकडं प्रश्न धुळीचा. कव्हरच्या आत शिरलेला वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो, तो पाठ खरवडत राहतो. आठवड्यातून एकदा कव्हर काढून दोन्ही पुसून घ्यावं. उन्हाळ्यात जाड कव्हरमध्ये उष्णता कोंडते, म्हणून चार्जिंगला लावताना कव्हर काढलेलं बरं. बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं घटतं. धातूचं कव्हर मात्र शेतीच्या कामाला नकोच. त्यानं रेंज आणि जीपीएस कमजोर होऊ शकतं, आणि नेमकी जागा दाखवण्यावर तर पीक पाहणी चालते. लोहचुंबकाचं झाकण असलेल्या पाकिटानं फोनमधलं होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, हेही ध्यानात असू द्या.

आता विहिरीचं. मोटार बघायला कठड्यावरून वाकलं की सदऱ्याच्या वरच्या खिशातून फोन सरळ तळाला जातो. तिथं कुठलंच कव्हर कामाला येत नाही. म्हणून कव्हर घेताना कोपऱ्याला दोरी ओवायचं भोक आहे का, ते बघून घ्या. दोरी सुताची, बोटभर जाड नको, आणि तिचं दुसरं टोक खिशाच्या काजाला बांधा, गळ्यात नको. मोटारीच्या पट्ट्याजवळ गळ्यातली दोरी धोक्याची.