शाळेचे आकडे कोणाचे?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे व्यवहारचातुर्य म्हणून सांगितली जाते. घरातील उणीव चारचौघांत मांडू नये, एवढाच तिचा मूळ आशय. परंतु हीच म्हण सरकारी दप्तराने आपलीशी केली, म्हणजे तिचा अर्थ पालटतो. ज्या मुठीत लोकांच्याच मुलांची माहिती आहे, ती झाकून ठेवण्यात चातुर्य कसले, असा प्रश्न मग उभा राहतो. शिक्षणविषयक सरकारी माहिती आणि संशोधन सामान्य माणसाच्या हाती कसे पडावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा विचार राजधानीतील कचेरीपासून न करता एका कष्टकरी वस्तीपासून करावा, असे मला वाटते.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की भनपुरी लागते. लाकडाच्या वखारी, लोखंडाचे कारखाने आणि मालमोटारींची अखंड वर्दळ ही तिची ओळख. जवळच उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. छत्तीसगडच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून येथे माणसे कामाला येतात. पोटाच्या मागे फिरणाऱ्या अशा कुटुंबांतील मुले आज एका शाळेच्या पटावर असतात, उद्या दुसऱ्या, आणि कित्येकदा कोणत्याच नाही. येथील आईबापांचे प्रश्न अगदी साधे असतात. आमच्या शाळेत शिक्षक किती असावयास हवेत, आणि आहेत किती? मुलींसाठी स्वच्छतागृह आहे काय, आणि त्यात पाणी येते काय? पाचवी संपल्यावर पुढची शाळा किती दूर पडेल? नवल असे, की ह्यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे सरकारजवळ लेखी स्वरूपात असतात.

ती कोठून येतात, हे थोडे पाहू. १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर शाळांची माहिती दरवर्षी एकाच नमुन्यात गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. २०१२-१३ पासून तिने पहिली ते बारावीचा सर्व टापू व्यापला आणि ‘यू-डायस’ हे नाव शिक्षकांच्या तोंडी रुळले. प्रत्येक शाळेला अकरा अंकांचा एक क्रमांक आहे. खोल्या, फळे, नळ, वीज, पुस्तके, शिक्षक, मुले आणि मुली ह्या सर्वांची नोंद मुख्याध्यापक करतो. २०२२-२३ पासून तर ही नोंद प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावानिशी होऊ लागली. ही माहिती मग शाळेतून संकुलाकडे, संकुलातून विकासखंडाकडे, तेथून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून रायपूरला आणि अखेर दिल्लीला पोहोचते. प्रत्येक पायरीवर तिची बेरीज होते, आणि बेरीज होता होता शाळा नाहीशी होते. अहवालात उरते ती राज्याची सरासरी.

न्यायाची गोष्ट म्हणून हे सांगितले पाहिजे, की एकेका शाळेची पत्रिका इंटरनेटवर पाहण्याची सोय आज झालेली आहे. परंतु ती बहुतांशी इंग्रजीत आहे, तिचे रकाने कारकुनी आहेत, आणि वखारीत लाकूड कापणाऱ्या बापाला आपल्या शाळेचा अकरा अंकी क्रमांक ठाऊक असण्याचे कारण नाही. वस्तू उपलब्ध असणे निराळे आणि ती हाती लागणे निराळे.

ह्या अंतराची किंमत काय पडते, हे छत्तीसगडने २०२५ साली अनुभवले. त्या वर्षी राज्य सरकारने शाळांच्या आणि शिक्षकांच्या फेरमांडणीचा कार्यक्रम हाती घेतला. २१२ प्राथमिक शाळांत एकही शिक्षक नाही आणि ६,८७२ प्राथमिक शाळा एकाच शिक्षकावर चालतात, हे त्यामागचे कारण म्हणून सांगण्यात आले. शिक्षणहक्क कायद्यानुसार लहानातल्या लहान प्राथमिक शाळेतही किमान दोन शिक्षक हवेत, हे लक्षात घेता त्या आकड्यांचे गांभीर्य कळून येते. पण लोकांच्या कानी प्रथम पडला तो निराळाच आकडा: १०,४६३ शाळांचे एकत्रीकरण. दहा हजार शाळांना टाळे लागणार, अशी हाकाटी झाली. त्यानंतर खुलासा आला, की ह्यांपैकी १०,२९७ शाळा एकाच आवारातील असून त्यांचा केवळ कारभार एकत्र व्हावयाचा आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या जागी जोडल्या जाणाऱ्या शाळा १६६ आहेत. त्यांत १३३ ग्रामीण, म्हणजे पट दहाहून कमी आणि दुसरी शाळा एक किलोमीटरच्या आत. आणि ३३ शहरी, म्हणजे पट तीसहून कमी आणि दुसरी शाळा पाचशे मीटरच्या आत.

त्या धोरणाच्या युक्तायुक्ततेत मी शिरत नाही. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच, की राज्याचा एकूण आकडा ऐकून कोणत्याही आईचे समाधान होत नाही. तिला हवी असते यादी. आमची शाळा १०,२९७ मधली, की १६६ मधली? आणि यादीबरोबर हवा असतो तिचा आधार: हे पाचशे मीटर कोणी, कोणत्या वाटेने मोजले? भनपुरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न पोकळ नाही. नकाशावरील पाचशे मीटरांच्या मध्ये मालमोटारींचा हमरस्ता आडवा गेला असेल, तर सहा वर्षांच्या मुलीसाठी ते अंतर पाचशे मीटरांचे राहत नाही. ही गोष्ट रायपूरच्या कचेरीतील नकाशाला दिसत नाही. त्या वस्तीत राहणाऱ्यांना दिसते. म्हणून माहिती लोकांपुढे ठेवणे हा लोकांवर केलेला उपकार नव्हे. माहिती शुद्ध करून घेण्याचाच तो मार्ग आहे.

कायद्याने हा मार्ग आधीच मोकळा केलेला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कचेऱ्यांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरविले आणि शाळेच्या विकासाची योजना आखण्याचे काम त्या समितीकडे सोपविले. आता ज्यांनी योजना आखावयाची, त्यांच्यासमोर शाळेचे आकडेच नसतील, तर त्या योजनेवर अंगठा उठविण्यापलीकडे त्यांनी काय करावे?

आपल्या महाराष्ट्राची परंपरा ह्या बाबतीत स्मरणीय आहे. नामदार गोखल्यांनी १९०२ पासून अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांचे सामर्थ्य सरकारचेच छापील आकडे सरकारपुढे ठेवण्यात होते. १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याच्या सक्तीच्या शिक्षणाचा दाखला त्यांना देता आला. विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. पण युक्तिवाद उरला, कारण त्याचा आधार कोणालाही तपासता येत होता. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर ह्यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. शाळेत शिकलेली मुले पुढे पुन्हा निरक्षर का होतात, असा त्यांचा शोध होता. ती पाहणी १९५५ साली पुस्तकरूपाने निघाली, म्हणून आजही ती वाचता येते, तिच्याशी वाद घालता येतो. उलट, आमचे शिक्षक प्रशिक्षणाच्या निमित्ताने आपापल्या वर्गाविषयी जे लहान लहान शोधनिबंध लिहितात, ते बहुधा कपाटात जातात आणि दुसऱ्या गावचा शिक्षक तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवीत बसतो.

रायपूरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १९५६ पर्यंत ह्या भागाची राजधानी नागपूर होती, त्यानंतर २००० पर्यंत भोपाळ, आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर. येथल्या एखाद्या जुन्या शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास जुळवू पाहणाऱ्या अभ्यासकाला तीन राजधान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. नागपूरच्या मराठी वाचकाला रायपूरच्या शाळा परक्या वाटू नयेत, ह्याचे हेही एक कारण आहे.

माहिती खुली करण्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की आकडे चुकीचे असतात आणि त्यामुळे गैरसमज पसरतो. परंतु झाकून ठेवलेली चूक दुरुस्त होत नाही. ती पुढल्या वर्षीच्या तक्त्यात जशीच्या तशी उतरते. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. नोंद आता मुलाच्या नावानिशी होत असल्याने त्याची जात, घरची गरिबी, त्याचे अपंगत्व ही सारी माहिती उघड्यावर येण्याचे भय आहे. ते खरे आहे, आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यामागेही अशीच चिंता आहे. ह्याचे उत्तर सर्वच माहितीवर पडदा टाकणे हे नव्हे. मुलाची माहिती त्या मुलाची आणि त्याच्या पालकांची. ती जपलीच पाहिजे. शाळेची माहिती मात्र सर्वांची आहे. शिक्षकांची रिक्त पदे, मोडके छप्पर, आलेले आणि खर्चलेले अनुदान ह्यांना गोपनीयतेचा आसरा देता येत नाही. मुलाच्या आडोशाने कचेरीने लपू नये.

मग करावयाचे काय? त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. वर्षाची माहिती पाठविली, की तिचा एक पानाचा गोषवारा लोकांच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत शाळेच्या भिंतीवर लागावा. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे मराठीभाषी माधवराव सप्रे ह्यांनी १९०० सालीच हे ओळखले होते, की येथील लोकांशी बोलावयाचे तर हिंदीतच बोलले पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तो गोषवारा पालकांच्या सभेत मोठ्याने वाचावा, आणि कोणी चूक दाखविली तर ती जागच्या जागी नोंदवावी. शाळांविषयीचा कोणताही निर्णय जाहीर होताना आकड्याबरोबर शाळांची यादी त्याच दिवशी निघावी. शिक्षकांचे शोधनिबंध जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावेत आणि त्यांची सूची दरवर्षी छापावी.

शाळेतून वर गेलेला प्रत्येक आकडा कोणा शिक्षकाने दिवेलागणीपर्यंत बसून भरलेला असतो. तो आकडा परत त्याच शाळेच्या भिंतीपर्यंत पोहोचविणे, हे आम्हां सरकारी नोकरांचे काम आहे. आणि तो पोहोचला नाही, तर मुख्याध्यापकांकडे जाऊन तो मागणे, हे पालकांचे.