इष्टवियोगाकडून कारुण्याकडे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले, याबद्दल मी ऋणी आहे. संस्थेच्या वाटचालीविषयी अधिकारी वक्ते बोलतीलच. मी निवडलेला विषय अगदी घरगुती आहे. घरातील लाडका प्राणी निधन पावल्यानंतर एखाद्या निराधार मांजराला घरात आश्रय द्यावा काय आणि जैन कुटुंबाने तो कसा द्यावा, एवढाच तो विषय. काहींना त्याचे हसू येईल. परंतु ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे, त्यांना त्याचे गांभीर्य सांगावे लागणार नाही.

माणूस गेला की समाज धावून येतो. उठावणा होतो, भेटीगाठी होतात, चार सांत्वनाचे शब्द कानी पडतात. घरचा प्राणी गेला तर यांपैकी काहीच घडत नाही. "कुत्रेच होते, दुसरे आणा," एवढे बोलून लोक मोकळे होतात. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते चौदा वर्षांचे आणि घरात सांभाळलेल्या मांजराचे बारा ते पंधरा वर्षांचे. म्हणजे प्राणी पाळणाऱ्याच्या वाट्याला हा वियोग बहुधा येणारच. आपल्या शास्त्रकारांनी आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रिय वस्तूच्या वियोगाने होणारे चिंतन, म्हणजे इष्टवियोगज आर्तध्यान, हा त्यांतील एक. त्यात मन मागेच वळून राहते. जे गेले तेच परत मिळावे, असा त्याचा ध्यास असतो. शोक खोटा आहे असे शास्त्र म्हणत नाही. शोकाला दिशा हवी, एवढेच ते सांगते.

आमच्या घरचे उदाहरण देतो, ते केवळ विषय स्पष्ट व्हावा म्हणून. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट तेथूनच निघते. शनिवार-रविवारी गडप्रेमींची वर्दळ आणि एरवी भातखाचरांची शांतता, असे तेथील जीवन. आमचे छोटेसे किराणा दुकान तेथे आहे. दुकानाच्या पायरीवर तेरा वर्षे आमचा मोती बसत असे. ताक-भाकरी, दूध-भात हेच त्याचे जेवण. आमच्या मातोश्री चौविहार करीत. सूर्यास्तापूर्वी स्वतःचे ताट वाढण्याआधी त्या मोतीची थाळी वाढत. तो गेल्यावर कित्येक दिवस त्या सायंकाळी सवयीने थाळी हातात घेत आणि पुन्हा फडताळात ठेवून देत. "आता घरात मुके जनावर नको," असे त्यांनी निक्षून सांगितले होते आणि आम्हा सर्वांनाही ते मान्य होते.

पुढच्या पावसाळ्यात आषाढातील एका सकाळी, गाड्या लावण्याच्या जागेशेजारी, तोंड बांधलेले एक पोते कोणीतरी टाकून गेलेले आढळले. आत मांजराची तीन पिल्ले होती. दोन गेलेली होती. तिसरे, काळे-पांढरे, भिजून गारठलेले, आवाज न करता केवळ तोंड उघडीत होते. नातवाने ते सदऱ्यात गुंडाळून दुकानात आणले.

येथे मला मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा आठवते. ज्ञाताधर्मकथेतील ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वणवा पेटला असता वनातील सर्व प्राणी एका मोकळ्या मैदानात दाटीने उभे होते. तेथील हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला आणि तेवढ्यात रिकाम्या झालेल्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली टेकवावा तर ससा चिरडेल, म्हणून तो हत्ती अडीच दिवस पाय उचलूनच उभा राहिला. या कथेचा एक बारकावा आपल्या ध्यानातून निसटतो. त्या सशाला हत्तीने बोलावले नव्हते. तो त्याच्या कळपातला नव्हता, त्याच्या उपयोगाचाही नव्हता. जागा रिकामी झाली आणि जिवाच्या भीतीने एक जीव तेथे आला, एवढेच घडले. हत्तीचे मोठेपण हे, की ती जागा आपली आहे याची त्याने आठवण धरली नाही.

घरातला प्राणी गेल्यावरची रिकामी जागा अशीच असते. ती भरून काढण्यासाठी दुकानातून हौसेने नवे पिल्लू विकत आणणे आणि त्या जागेत आपण होऊन आलेल्या दुःखी जीवाला राहू देणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांत अंतर आहे. पहिलीत आपण गेलेल्याची प्रतिकृती शोधतो. ती कधी सापडत नाही आणि नव्या जीवावर उगाच जुन्याचे ओझे पडते. दुसरीत आपल्या दुःखाऐवजी त्या जीवाचे दुःख समोर असते. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांपैकी कारुण्यभावना क्लेशात असलेल्या जीवांविषयी सांगितली आहे. इष्टवियोगाकडून कारुण्याकडे जाणे ते हेच.

परंतु मित्रहो, येथे खरी अडचण सुरू होते आणि ती झाकून पुढे जाणे उचित होणार नाही. मातोश्रींनी पिल्लाकडे पाहिले आणि विचारले, "अरे, मोती भाकरी खायचा. हे काय खाणार?" शेजारी म्हणाले, "वाण्याच्या दुकानात मांजर हवेच, उंदीर राहणार नाहीत." आणि नेमके हेच आम्हाला नको होते.

या बाबतीत आपले ग्रंथ मौन बाळगत नाहीत. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांचे विवेचन केले आहे. त्यांतील असतीपोषणात धनप्राप्तीसाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांचे पालन करणे येते. तेथे निषेधाचे कारण धन हे आहे. याचा आजच्या काळातील अर्थ मी असा घेतो की, जातिवंत मांजरांची पैदास करणे, ती विकणे आणि अशा विक्रीला आपल्या खरेदीने बळ देणे श्रावकाला शोभणारे नाही. तथापि काही श्रावकाचारविषयक ग्रंथांनी मांजरासारख्या हिंस्र प्राण्याचे पालन हेच अनर्थदंडात धरले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मातोश्रींचा प्रश्न असा निराधार नव्हता.

विज्ञानही या प्रश्नाची धार कमी करीत नाही. कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो. मांजराची शरीररचना मात्र निव्वळ मांसाहारी प्राण्याची आहे. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ च्या सुमारास सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू निकामी होतात, हे १९८७ मध्ये दिसून आले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन घालण्याची दक्षता घेतली जाऊ लागली. दूध-भातावर मांजर पाळणे म्हणजे त्याला हळूहळू आंधळे व रोगी करणे होय. कृत्रिम टॉरिन घातलेले वनस्पतिजन्य खाद्यही आता मिळते. परंतु त्याविषयी पशुवैद्यकांत एकमत नाही आणि त्यांच्या देखरेखीवाचून ते देणे धोक्याचे आहे. आपल्या व्रताचा भार मुक्या जीवाच्या डोळ्यांवर टाकणे, ही अहिंसा कशी म्हणावी?

मग आम्ही काय केले? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांशी बोललो. त्यांच्या सल्ल्याने तयार कोरडे खाद्य आणले. त्यात प्राणिजन्य घटक असतात, हे मी लपवीत नाही. ते स्वयंपाकघरात येत नाही. दुकानाच्या मागच्या पडवीत स्वतंत्र डब्यात राहते, त्याची भांडीही वेगळी. दुकानातील सर्व धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत ठेवले, जेणेकरून उंदरांनी येऊच नये आणि मांजराला शिकारीचे निमित्त मिळू नये. रात्री तिला बाहेर सोडत नाही. ती सहा महिन्यांची होताच तिची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली. एवढ्याने प्रश्न पूर्णपणे सुटला, असे मी म्हणणार नाही. एका जीवाचे रक्षण करताना दुसऱ्याच्या हिंसेचा अंश आपल्याकडे येतो, ही बोच मनात राहते आणि ती राहावीच. मातोश्रींनी त्या खाद्याला शेवटपर्यंत हात लावला नाही आणि आम्ही कधी आग्रह केला नाही. मात्र फडताळातली मोतीची थाळी एके दिवशी पडवीत पाण्याने भरून ठेवलेली दिसली. ती कोणी ठेवली, हे विचारण्याची गरज पडली नाही.

निराधार जनावरांना आसरा देणे ही परदेशातून आलेली हौस आहे, असा एक समज आढळतो. इतिहास वेगळे सांगतो. मुंबईत १८३२ मध्ये सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाजाने रस्त्यावर उतरून विरोध केला आणि इतर समाजांचीही त्यास साथ मिळाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय आदी धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. मोतीशा शेठ यांच्यासारख्या जैन श्रेष्ठींचाही त्या कार्यात वाटा होता. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासूनचे. स्वतंत्र भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने पाळलेला प्राणी सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा ठरविला. पोत्यात बांधून पिल्ले टाकणाराला हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नसते.

ज्या बंधू-भगिनींना असे पाऊल उचलावेसे वाटेल, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. गारठलेल्या पिल्लाला प्रथम ऊब द्यावी, अन्न नंतर. थंड पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. गाईचे दूध बहुधा बाधते, त्याने हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती वापरावी. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात लसीकरण सुरू करावे आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस अवश्य टोचावी. घरातील आधीचे मांजर पॅनल्युकोपेनिया या विषाणुजन्य रोगाने गेले असेल, तर तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. अशा घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये. निर्बीजीकरण टाळू नये. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पोत्यातील पिल्लांची परंपरा थांबविण्याचा हाच मार्ग आहे.

आपल्या मावळ भागासाठी आणखी एक सूचना आवश्यक वाटते. शेतात, गवतात किंवा झुडपात सापडलेले प्रत्येक पिल्लू घरमांजराचे नसते. सह्याद्रीत रानमांजर आहे आणि वाघाटीही आहे. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मार्जारजातींपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे तिच्या पिल्लांविषयी गैरसमज सहज होतो. असे पिल्लू दिसल्यास उचलू नये. त्याची आई बहुधा जवळच असते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जुन्नर परिसरात शेतात सापडलेली बिबट्याची आणि वाघाटीची पिल्ले वन विभाग व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राच्या प्रयत्नाने त्यांच्या आईकडे परत पोहोचविली गेली आहेत. ज्याला आई आहे त्याला आपल्या घराची गरज नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये असा प्राणी घरात ठेवणे हा अपराधही आहे.

आणि ज्यांना मांजराच्या आहाराची अडचण खरोखरच ओलांडता येत नाही, त्यांनी संकोच मानू नये. त्यांच्यासाठी निराधार कुत्रा आहे, पांजरपोळीतील वृद्ध गाय आहे. गावातील एका मांजरीच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, तरी अनेक पिल्ले पोत्यात जाण्यापासून वाचतील. कारुण्याला दार एकच नसते.

आता एक निवेदन करून माझे भाषण संपवितो. आपली संस्था पन्नास वर्षे माणसांच्या सुखदुःखात उभी राहिली आहे. या वर्षापासून परिसरातील निराधार कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणासाठी व निर्बीजीकरणासाठी वर्षातून एक शिबिर पशुसंवर्धन विभागाच्या सहकार्याने घ्यावे, अशी नम्र विनंती मी विश्वस्त मंडळाला करतो. त्यासाठी आमच्या दुकानातर्फे पहिली देणगी मी आजच कार्यालयात जमा केली आहे. पावतीवर नाव मोतीच्या स्मरणार्थ असे घातले आहे.

 बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!