शेवटचा अंक आणि शेवटची गाडी

दादरच्या श्री शिवाजी मंदिरात रात्रीचा प्रयोग रंगात आलेला असतो. कथानक निर्णायक वळणावर येऊन ठेपलेले असते. नेमक्या अशा वेळी मागच्या रांगांतील दोन-चार प्रेक्षक घड्याळाकडे पाहतात, एकमेकांना खूण करतात आणि कुणाच्या दृष्टीआड येऊ नये म्हणून वाकून बाहेर पडतात. नाटक त्यांना आवडलेले नाही असे मुळीच नाही. ते पालघरचे किंवा बोईसरचे रहिवासी असतात. विरारच्या पुढे जाणाऱ्या गाड्या रात्री विरळ होतात आणि एक गाडी चुकली तर पुढचे कित्येक तास फलाटावर काढावे लागतात. नाटकाचा शेवट त्यांना मग दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकावा लागतो.

शेवटचा अंक न पाहता उठणारा हा रसिक आजच्या विवेचनाचा विषय आहे. शहरातील नाट्य-चित्रपटसृष्टीची चर्चा होते तेव्हा नट, नाटककार आणि निर्माते यांचा गौरव होतो व तो योग्यच आहे. परंतु नव्वद किलोमीटरचा प्रवास करून तिकीट काढणाऱ्या माणसाची नोंद क्वचितच होते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या कितीतरी आधी या भागाचे रूप पालटू लागले होते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले. बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि देशाच्या सर्व भागांतून तंत्रज्ञ व कामगार येथे येऊन राहिले. २०१३ साली उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली. रोजगार आला, वसाहती आल्या, शाळा आल्या. मात्र दिवसभराच्या कामानंतर चार घटका निर्मळ आनंदात घालवाव्यात, ही गरज भागविण्यासाठी येथील माणसाला बहुधा मुंबईचीच वाट धरावी लागली.

ही वाट तो मोठ्या चिकाटीने चालतो. कारखान्यात पाळीने काम करणारा रसिक आपला आठवडा वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींशी जुळवून घेतो. रात्रपाळी असेल तर दुपारचा प्रयोग, सुटी असेल तर रविवार, असा त्याचा हिशेब असतो. नाटक दादरला आहे की बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा असतो, कारण बोरिवलीचा प्रयोग म्हणजे परतीच्या वाटेवर वाचलेला वेळ. या हिशेबात घरातील स्त्रिया, वृद्ध आणि मुले मात्र बहुतेक वेळा मागे राहतात. नाटक ही कुटुंबाने मिळून भोगावयाची कला, पण अंतरामुळे ती एकट्यादुकट्या पुरुषाची चैन होऊन बसते. या परिस्थितीतील खरी हानी हीच आहे.

मराठी रंगभूमी केवळ व्यावसायिकांच्या बळावर वाढलेली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिला नाट्यप्रयोग केला. पुढे १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने गावोगावच्या हौशी मंडळींना व्यासपीठ दिले. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी यंत्रावर काम करणाऱ्या हातांना रंगमंचावर आणले. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचे नाटक या दृष्टीने बोलके आहे. विलेपार्ले येथे खोट्या खटल्याचा प्रयोग करावयास निघालेली एक हौशी मंडळी नाटककाराला भेटली आणि त्या भेटीतून या नाटकाची कल्पना सुचली. नाटकातील मंडळीही शहरातून एका लहान गावी प्रयोगासाठी आलेली आहे. शहर आणि गाव यांच्यामधील नाटकाची वाट दुहेरी असू शकते, याचे हे एक उदाहरण मानावयास हरकत नाही.

चित्रपटाची गोष्ट थोडी निराळी आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपट पाहण्यासाठी चित्रपटगृहात जाणे अपरिहार्य होते. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पडदा घरात आला. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे. चित्रपट मिळणे सुलभ झाले, परंतु तो शेजाऱ्यासोबत पाहून त्यावर बोलणे दुर्मीळ झाले. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी हेच कार्य केले. चांगला चित्रपट एकत्र पाहावा व नंतर त्याची चर्चा करावी, ही सवय त्यांनी लावली. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ सालचे संगीत नाटक आणि त्यावरील २०१५ चा चित्रपट ज्याने दोन्ही पाहिले आहेत, तो रंगमंच आणि पडदा यांतील भेद कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक चांगला सांगू शकेल.

विनोदाचा विचार केल्यास या जिल्ह्याला विशेष आशा बाळगण्यास जागा आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. गावातील मंडळी महाभारतातील प्रसंग बसवू पाहतात आणि त्यांची जी तारांबळ उडते, ती मालवणी बोलीत मांडणाऱ्या या नाटकाला मच्छिंद्र कांबळी यांनी अवघ्या महाराष्ट्रात पोहोचविले. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याच्या बोलीचा गोडवा सर्वांना चाखविला. बोली ही हसण्याची वस्तू नाही, ती हास्य निर्माण करणारी शक्ती आहे, हे या दोन्ही कृतींनी सिद्ध केले. पालघर जिल्ह्यात वाडवळी आहे, मांगेली आहे, वारली आहे, वसईची सामवेदी आहे. शिवाय बोईसरच्या बाजारात निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा एकमेकींत मिसळतात आणि दर घटकेला गमतीचे गैरसमज घडवितात. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम पाहून हसणाऱ्या तरुणांनी या बाजारात एक तास कान देऊन उभे राहावे. त्यांना प्रहसनाची सामग्री आयतीच मिळेल.

मुंबई जवळ येण्यापूर्वीही येथे नाट्य होते, याचा विसर पडू नये. जव्हार आणि मोखाड्याच्या परिसरात होणारा बोहाडा हा रात्रभर चालणारा मुखवट्यांचा नाट्योत्सव आहे. देवदेवतांची आणि दैत्यांची सोंगे वाद्यांच्या तालावर नाचत लोकांमधूनच पुढे येतात. तेथे तिकीट नाही, पडदा नाही आणि कुणालाही गाडीसाठी मधेच उठावे लागत नाही. पाहणारा आणि सोंग घेणारा एकाच गावचे असतात. रसिकता ही शहरातून आणावयाची वस्तू आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा बोहाड्याची रात्र जागून पाहावी.

मग करावे काय? प्रत्येक गावी नाट्यगृह बांधणे शक्य नाही. परंतु काही गोष्टी आजही हाती घेण्यासारख्या आहेत. ग्रामपंचायती, शाळा आणि कामगार संघटना यांनी मिळून वर्षातून दोन-तीन वेळा नाट्यसहली काढाव्यात. राज्य परिवहन महामंडळाची बस प्रासंगिक करारावर मिळते. पुरेशी माणसे जमली तर बस नाट्यगृहाच्या दारी उभी राहते आणि कुणालाही शेवटचा अंक सोडावा लागत नाही. अशा सहलीत स्त्रियांना व मुलांना निर्धास्तपणे सामील होता येईल. शिक्षकांनी शाळेच्या सभागृहात महिन्यातून एक चित्रपट, हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन, दाखवावा आणि त्यानंतर अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवावा. हौशी मंडळांनी नाटक निवडताना लेखकाची परवानगी घ्यावी. नवी संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची तजवीज वेळीच करावी, कारण ऐनवेळच्या धावपळीने उत्साहावर पाणी पडते. अधिकाऱ्यांनी अशा मंडळांना तालमीसाठी सायंकाळी रिकामी असणारी जागा मिळवून दिली, तरी मोठे साहाय्य होईल. यांपैकी कशालाही फार मोठा निधी लागत नाही. पुढाकार घेणारी चार माणसे लागतात.

मुंबईची रंगभूमी आणि तेथील चित्रपटगृहे पालघरच्या रसिकाची आहेतच. त्याने ती आपल्या पदरमोडीने व जागरणाने आपलीशी केली आहेत. पण त्याचा आनंद त्याच्या एकट्याचा राहू नये. आज तो गाडीच्या डब्यात सोबत्याला अर्ध्या नाटकाची कथा सांगत परततो. उद्या त्याने शेजाऱ्यांसह बसमधून परतावे, गावच्या शाळेत आपल्या बोलीतील एखादे प्रहसन उभे करावे आणि पडदा पडेपर्यंत सर्वांनी निश्चिंतपणे बसून राहावे. श्रोतेहो, हे घडवून आणणे आपल्या हाती आहे.