पशुवैद्यकीच्या मुलामुलींसाठी संशोधन छात्रवृत्ती

पेरणी, खतं, फवारणी यावर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना पुढं संशोधनासाठी छात्रवृत्ती मिळते, तिच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्ही म्हणाल, एका गावात असा मुलगा नाहीतर मुलगी एखादीच, मग आम्हा सगळ्यांना हे कशाला? पण ते संशोधन शेवटी तुमच्याच गोठ्यात येऊन पोचतं. म्हणून सगळ्यांनीच ऐकावं.

आमच्या भागात एक आबा आहेत. चार एकर कोरडवाहू, पाच संकरित गाई, सात-आठ शेळ्या. मुलगी पशुवैद्यकीची पदवी घेऊन घरी आली. दुसऱ्याच आठवड्यात आबा माझ्याकडं आले. म्हणाले, "साहेब, साडेपाच वर्षं शिकवली. आता पोरगी म्हणते, परीक्षेत नंबर लागलाय, आणखी शिकायला बरेलीला जाते. नोकरीचं काय? लग्नाचं काय? आणि एवढ्या लांबचा खर्च मी कुठनं आणू?"

आबांचं चुकत नव्हतं. पशुवैद्यकीची पदवी ही साडेपाच वर्षांचीच असते. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. त्यानंतर घरच्यांनी कमाईची वाट पाहावी, यात गैर काय? मी त्यांना चहा पाजला आणि आधी एवढंच विचारलं, की छात्रवृत्ती म्हणजे काय हे पोरीनं सांगितलं का? ते म्हणाले, "कर्जच असंल की काहीतरी."

नाही मंडळी, हे कर्ज नव्हे. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला पोटापाण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते, आणि पुस्तकं-रसायनं यांसाठी वेगळं काही मिळतं. ती परत फेडायची नसते. मात्र अटी असतात. छात्रवृत्ती चालू असताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही, हजेरी आणि प्रगतीचा दाखला द्यावा लागतो, आणि काम मध्येच सोडलं तर काही ठिकाणी पैसे परत मागतात. सही करण्याआधी तो कागद वाचून घ्यावा.

आता मार्ग कोणते ते सांगतो. पदवीनंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण असतं. त्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा होते. तिच्यात वरचे गुण मिळवणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळते. पुढं डॉक्टरेटसाठी वरिष्ठ छात्रवृत्ती असते. आपल्या राज्यात नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली महाविद्यालयं आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था त्याच विद्यापीठाची. डॉक्टरेटला नाव नोंदवलेल्यांसाठी राज्याच्याही योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. जागा किती, रक्कम किती, मुदत कोणती हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावं. ऐकीव माहितीवर राहू नये.

एक गोष्ट मात्र जाहिरातीची वाट न पाहता करा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयरचा दाखला, आणि आधारशी जोडलेलं बँकेचं खातं हे सगळं मुलगा शेवटच्या वर्षाला असतानाच तयार ठेवा. गुण असून दाखल्यापायी संधी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि छात्रवृत्तीचे पैसे दरमहा एक तारखेला येतीलच असं धरून चालू नका. कधी चार-चार महिने थांबतात आणि मग एकदम येतात. सुरुवातीच्या खर्चापुरती रक्कम हाताशी असावी.

आता ही मुलं शिकून करतात काय? आबांनीही हेच विचारलं होतं.

आपल्या आजोबा-पणजोबांनी बुळकांडी पाहिली होती. गावंच्या गावं दावणी मोकळी करणारा रोग. ऐन पेरणीत बैल गेला की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की वर्षभराचं धान्य गेलं. अन्नसुरक्षा हा शब्द मोठा वाटतो, पण तिचा अर्थ इतकाच, की घरात खायला आहे आणि उद्याही असेल याची खात्री. त्या रोगावर काम करायला सरकारनं १८८९ साली आपल्या पुण्यात एक प्रयोगशाळा काढली. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तीच पुढं भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली, जिचं मुख्य ठिकाण बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. आबांची पोरगी जायचं म्हणत होती ती हीच संस्था. मुक्तेश्वरला १९२०च्या दशकात शेळ्यांच्या मदतीनं बुळकांडीची लस तयार झाली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. आज वासरू जन्मलं तर त्याला बुळकांडीची भीती नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि त्यात छात्रवृत्तीवर राबणारी कितीतरी पोरं होती.

जवळचं उदाहरण लंपीचं. २०२२ सालच्या गाठी तुम्ही विसरला नसाल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंपीची देशी लस जाहीर झाली. ती हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं इज्जतनगरच्या संस्थेबरोबर तयार केली. तिचा विषाणू आला होता रांचीकडच्या आजारी जनावरातून, २०१९ साली घेतलेल्या नमुन्यातून. प्रयोगशाळेत तो पेशींवर पन्नास वेळा वाढवून सौम्य केला. म्हणजे कुणा पशुपालकानं आपल्या दावणीचं जनावर धरून नमुना घेऊ दिला, तिथून ती लस सुरू झाली.

हे मी मुद्दाम सांगतोय. संशोधन करणारी मुलं रक्ताचा, दुधाचा नमुना मागायला आली की आपल्याकडं लोक दार लावून घेतात. त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागात एक विद्यार्थी येऊन तीस-चाळीस जनावरांचं रक्त घेऊन गेला. त्याचं पुस्तक झालं असेल, पण त्या गावाला निकालाचा एक कागद आला नाही. ती मंडळी अजून नाव काढतात, आणि मला त्यांचा राग पटतो. म्हणून नमुना द्या, पण आधी विचारा. ओळखपत्र आणि महाविद्यालयाचं पत्र पाहा. तपासणी कशाची, निकाल कधी आणि कुणाच्या हाती, हे पत्रावर लिहून घ्या. मानेच्या शिरेतून थोडं रक्त काढल्यानं जनावर अशक्त होत नाही आणि दूधही आटत नाही.

आबांची मुलगी गेली. लग्न दोन वर्षं पुढं ढकललं, घरात कुरबुर झाली, ती झाली. तिनं विषय घेतला सांसर्गिक गर्भपाताचा. या रोगात गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते. पुढच्या वेळी ती गाय पुरे दिवस भरून विते, म्हणून आपण समजतो बरी झाली. पण वितानाच्या पाण्यातून, वारेतून आणि दुधातून जंतू पडतच राहतात. उघड्या हातानं वार काढणाऱ्याला तो रोग होतो. ताप चढतो-उतरतो, सांधे धरतात, आणि माणूस कितीतरी दिवस हिवतापाचं औषध घेत बसतो.

दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं आपल्याच गोठ्यातल्या पाचही गाईंचे नमुने घेतले. सर्वांत जास्त दूध देणारी गाय बाधित निघाली. दोन वर्षांपूर्वी गाभडलेली तीच. आबांचा पहिला विचार, बाजार दाखवावा. पोरगी म्हणाली, "आबा, तुम्ही तिला विकली तर मी दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन नमुना कोणत्या तोंडानं मागू?"

दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मग आबांनी शेताच्या कडेला वेगळं छप्पर घातलं आणि गाय तिथं बांधली. तिची वैरण वेगळी, पाणी वेगळं, दूध उकळल्याशिवाय घरातही नाही. या सगळ्याचा खर्च कुणी भरून दिला नाही, हे मी लपवत नाही. बाधित जनावर धरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला काही आधार मिळाला पाहिजे, असं माझं स्वतःचं मत आहे. पण आबांनी गाय विकली नाही, एवढं खरं.

तुमच्या गोठ्यात गाय गाभडली तर गर्भ आणि वार कुत्र्यापुढं टाकू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि दवाखान्यात कळवा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते, आयुष्यात एकदाच. ती पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यायची. गाभण गाईला ही लस देत नाहीत, आणि गोऱ्ह्याला तर नाहीच.

प्रत्येक मुलानं संशोधनातच जावं असं माझं म्हणणं नाही. ज्याला गावात दवाखाना काढायचा आहे त्यानं काढावा, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी व्हायचं त्यानं तसं व्हावं. दोन्हींची गरज आहे. पण एखाद्याला जनावर का मेलं हा प्रश्न झोपू देत नसेल, तर निव्वळ खर्चाच्या धास्तीनं त्याला अडवू नका. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांना महाविद्यालयातल्या विभागप्रमुखांकडं प्रवेश परीक्षेची चौकशी आत्ताच करायला सांगा. हे पत्रक वाचून झालं की त्यांच्या घरी पोचवा.