समुद्राच्या पाण्यातली नक्षी



मागे एकदा कोकणातल्या, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका गावच्या शाळेत गेलो होतो. गुरुजी गणिताच्या वह्या तपासत होते. एका वहीच्या समासात खेकडा काढलेला, आणि शेजारी त्रैराशिकाच्या उत्तरावर तांबड्या शाईची फुली. गुरुजींनी वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "पाहा, हे आमचे चित्रकार! हिशेब येत नाही, खेकडे येतात." मुलगा मान खाली घालून उभा. मी खेकड्याचे पाय मोजले. नांग्या धरून दहा. बरोबर होते. त्या वहीकडे मी पुन्हा येणार आहे. पण आधी दुसऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो, कारण त्या दिवशी मला त्याचीच आठवण झाली.

हा विद्यार्थी जर्मनीतला. एर्न्स्ट हेकेल त्याचे नाव. जन्म १८३४ सालचा, पॉट्सडॅमचा. वडील सरकारी अधिकारी. मुलाने डॉक्टर व्हावे ही घरच्यांची इच्छा, अन् मुलाला नाद फुलापानांचा आणि चित्रांचा. तरी वैद्यकीचा अभ्यास त्याने धरला. १८५४ साली, विसाव्या वर्षी, तो उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर गेला. तिथे योहान्नेस म्युलर या नामांकित प्राध्यापकांबरोबर काम करण्याची संधी त्याला मिळाली. हे प्राध्यापक होडीतून बारीक कापडाची जाळी पाण्यावरून ओढीत. जाळीत मासा एकही नाही. जाळीतले पाणी काचेच्या भांड्यात ओतायचे आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, एवढीच त्यांची मासेमारी. पण त्या थेंबात जे दिसले, त्याने या पोराला वेड लावले.

१८५७ साली तो डॉक्टर झाला. दवाखानाही थाटला. रोगी पाहण्याची वेळ ठेवली पहाटे पाच ते सहा! वर्षभरात रोगी आले तीन. त्यांतला एकही दगावला नाही, असे पुढे तो गमतीने सांगत असे. आता डॉक्टरच जर मनातून रोग्यांना टाळीत असेल, तर रोगी तरी काय करतील?

पुढे १८५९ साली तो इटलीला गेला. जायचे होते समुद्रजीवांच्या अभ्यासाला. पण इश्किया नावाच्या बेटावर त्याला हेर्मान आल्मर्स हा कवी भेटला, आणि दोघे मिळून डोंगर, दऱ्या, बंदरे रंगवीत हिंडू लागले. सूक्ष्मदर्शक पेटीत पडून राहिला. आपण चित्रकारच व्हावे, असे त्याच्या मनाने जवळजवळ घेतले. इकडे घरी काळजी. वाग्दत्त वधू आना वाट पाहते आहे. पंचविशी गाठलेला मुलगा, हाती डॉक्टरीची पदवी, आणि परदेशात बसून डोंगर रंगवतो आहे! तुमच्या-आमच्या घरी काय झाले असते, ते सांगायला नकोच.

त्या हिवाळ्यात तो सिसिली बेटावरच्या मेस्सिना बंदरात जाऊन राहिला. म्युलर एव्हाना वारले होते. पण त्यांची रीत शिष्याने सोडली नाही. होडीत बसावे, जाळी ओढावी, खोलीवर येऊन थेंब पाहावेत. आणि त्या थेंबांत त्याला रेडिओलेरिया हे जीव सापडले. एक ना दोन, शंभराहून अधिक जाती, तोपर्यंत कोणी न नोंदलेल्या.

हे रेडिओलेरिया म्हणजे काय? एकाच पेशीचा जीव. बहुतेक खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पण त्याचा सांगाडा पाहावा! वाळूत आणि काचेत जे द्रव्य असते, त्याचाच तो बनलेला. कोणाचा सांगाडा कदंबाच्या फुलासारखा, चोहोबाजूंनी काटे फुटलेला. कोणाचा जाळीदार कंदिलासारखा. कोणाच्या जाळीच्या गोळ्यात दुसरा गोळा आणि त्याच्या आत तिसरा, असा की हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरानेही तोंडात बोट घालावे. आपल्या आयाबहिणी ठिपके मांडून रांगोळी काढतात, तीत जसा प्रत्येक कोन सारखा साधलेला असतो, तसा मेळ या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या अंगी आहे.

एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकात पाहायचे आणि दुसऱ्या डोळ्याने कागदावर, अशी कला त्याला साधली होती, असे सांगतात. ते काही असो. पण चित्रकार व्हावे की शास्त्रज्ञ, हा त्याचा घोर मात्र त्या खोलीत संपला. कुंचला टाकावा लागलाच नाही! १८६२ साली रेडिओलेरियांवरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात ३५ चित्रपट. त्याच वर्षी आनाशी लग्न झाले आणि येना विद्यापीठात प्राध्यापकीही मिळाली.

हे सुख टिकले नाही. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १८६४ च्या १६ फेब्रुवारीला आना गेली. तो त्याचा तिसावा वाढदिवस होता. मन सावरायला तो फ्रान्समधल्या नीसजवळच्या किनाऱ्यावर गेला. तिथे पाण्यात एक जेलीफिश तरंगताना दिसला. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर जो पारदर्शक गोळा वाळूत पडलेला असतो, त्याच्याच कुळातला. त्याचे लांब, पिवळसर तंतू पाहून त्याला आनाचे केस आठवले. त्या जातीच्या शास्त्रीय नावात त्याने तिचे नाव गुंफले.

पुढे १८८१ च्या नोव्हेंबरात सिलोनला जाताना तो आठवडाभर आपल्या मुंबईतही राहून गेला. १८९९ ते १९०४ या काळात त्याची १०० चित्रे हप्त्याहप्त्याने निघाली. त्याच सुमारास, १९०० साली, पॅरिसला जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याचे महाद्वार रेने बिने या वास्तुशिल्पज्ञाने हेकेलच्या रेडिओलेरियावरून रचले. खसखशीएवढ्या जिवाची कमान, आणि तिच्याखालून माणसांची रीघ!

पण गुरुजनहो, एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. माणसांच्या वंशांविषयी हेकेलने जे लिहिले, ते आज कोणी मानू नये असेच आहे. आणि त्याच्या चित्रांतही खोट निघाली. १८६८ च्या एका पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ सुरुवातीला किती सारखे असतात, हे दाखवताना त्याने तीन चित्रे छापली. ती तिन्ही एकाच ठशाची निघाली! लोकांनी धरले, तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्याला ती सुधारावी लागली. समुद्रजीवांच्या चित्रांतही त्याची रेघ कधीकधी निसर्गाहून अधिक सरळ जाते, असा आक्षेप आहे. मला वाटते, सुबकपणाचा मोह त्याला आवरला नाही. जी नजर त्याला थेंबापर्यंत घेऊन गेली, तीच पुढे हट्ट धरू लागली, की जे आहे ते माझ्या मनासारखेच असले पाहिजे.

आता ती वही. खेकड्याचे पाय दहा होते खरे, पण डाव्या बाजूचा एक पाय बाकीच्यांच्या निम्माच काढला होता. मी मुलाला जवळ बोलावले. म्हटले, "अरे, हा पाय आखूड का? कागद संपला की कंटाळा आला?"

तो गुरुजींकडे पाहत हळूच म्हणाला, "नाही जी. तो तसाच होता. मोडलेला पाय नवा फुटत होता त्याचा."

गुरुजींनी वही परत मागून घेतली, आणि त्या आखूड पायाकडे बराच वेळ पाहत राहिले.